निवृत्तीनं न सांगितलेला बिघाड

बातमी मला कळली ती कॅमेऱ्यामागे उभा असताना. चाकणच्या वाटेवरच्या एका कारखान्यात नव्यानं लागलेला एक जण गेटपासचा फोटो काढायला स्टुडिओत आला होता. स्टुलावर बसला, केसांवरून हात फिरवला. दिवे लावता लावता मी नेहमीसारखं विचारलं, कुठली कंपनी? त्यानं नाव सांगितलं आणि म्हणाला, "आमच्या गेटवरचे ओव्हाळ तुमच्या वळखीचे होते ना? तेच बोलले होते मागं, फोटो चिंचवडला काढ, तिथला माणूस घाई करत न्हाई. ते गेले की. पंधरा दिवस झाले. ड्युटीवरच छातीत कळ आली." मी भिंगातून त्याच्याकडे बघत होतो. काहीतरी बोलायला हवं होतं. निदान दिवे बंद करून खाली बसायला हवं होतं. मी म्हणालो, "हनुवटी जरा खाली घ्या..." आणि बटण दाबलं. तो फोटो चांगला आला, हेही सांगून टाकतो.

रविवारच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांबद्दल लिहितात, ते मी आवडीनं वाचत आलोय. बहुतेक लेखांत लिहिणारा बरा असतो आणि गेलेला त्याहून बरा. माझ्याबाबतीत तसं नाही. निवृत्ती ओव्हाळ हा मला भेटलेला सगळ्यात हुशार हाताचा माणूस होता आणि त्याचं वाटोळं मी केलं. ते चारचौघांत केलं, म्हणून चारचौघांतच सांगायला पाहिजे. आमच्या सौ. म्हणाल्या, "आता कशाला? माणूस गेला, तुमचं कुणाला माहीत नाही." हेच तर आहे ना. कुणाला माहीत नाही, याच्यावरच मी इतकी वर्षं जेवलो-खाल्लो-झोपलो.

आम्ही मूळचे रहाटणीचे, शेतीवाडीतले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवडभोवती कारखाने उभे राहायला लागले, तशी भावकीतली पोरं एकेक करून कंपनीत चिकटली. मला भोंग्यावर उठणं जमणारं नव्हतं. मी चिंचवड स्टेशनजवळ दहा बाय बाराची खोली घेऊन फोटो स्टुडिओ टाकला. या धंद्याला मरण नव्हतं. कंपनी निघाली की माणसं भरती होणार, माणूस भरती झाला की गेटपास लागणार आणि गेटपासला फोटो. निवृत्ती पहिल्यांदा असाच आला. थेरगावचा. वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात, आणि हा आयटीआय करून पिंपरीच्या एका कंपनीत मीटर आणि पॅनेलं दुरुस्त करणाऱ्या खात्यात. माझ्याच वयाचा, शिडशिडीत, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. त्या दिवशी माझा कॅमेरा रुसला होता. जपानला जाऊन आलेल्या एका इंजिनिअरकडून मी तो जुना घेतला होता. त्याच्या पोटात बटणाएवढा एक सेल बसायचा, त्या सेलच्या जोरावर एक काटा हलायचा आणि उजेड किती आहे ते दाखवायचा. तो काटा सकाळपासून कोपऱ्यात निपचित पडला होता. मी कॅमेरा हलवतोय, फुंकर मारतोय, तळहातावर आपटतोय... स्टुलावरून आवाज आला, "राव, मारू नका त्याला. त्यानं काय केलंय?"

मग तो उठून आला. नाण्यानं सेलचं झाकण फिरवून काढलं आणि आधी चक्क वास घेतला. खिशातून खोडरबराचा तुकडा काढला, सेलला टेकणारी पितळेची पाती हलक्या हातानं घासली, त्याच्यावरचं हिरवट-पांढरं निघालं, झाकण लावलं. काटा वर आला. मी त्याच्याकडे बघतच राहिलो आणि तो म्हणाला, "आता काढा माझा फोटो, शिफ्टला उशीर होतोय." त्या फोटोत तो हसतोय. गेटपासच्या फोटोत कुणी हसत नाही, त्याच्या कंपनीनं तो परत पाठवला, आणि दुसरा काढायला तो पुन्हा आला. तिथून आमची दोस्ती.

त्याची रीत ठरलेली होती. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. आधी सेल, मग पाती, मग वायरीचे सांधे, आणि एवढं करून भागलं नाही तरच आत शिरायचं. थेरगावच्या दोन खोल्यांतल्या खिडकीशी त्याचं टेबल होतं. त्यावर खोडरबर, काडेपेटीच्या काड्यांना गुंडाळलेला कापूस, स्पिरिटची बाटली आणि कंपनीच्या भंगारातले भाग जोडून त्यानं स्वतः उभा केलेला मीटर. रविवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन जायचो, कधी कामासाठी, कधी नुसताच. कॅमेरा हातात घेतला की तो आधी माझी उलटतपासणी करायचा. कुठं ठेवतोस, बॅगेत का कपाटात? पावसात नेला होतास? घरात कोण कोण हात लावतं? मी वैतागायचो. "अरे, कॅमेरा बघ ना, माझ्याकडे काय बघतोस?" तो म्हणायचा, "दत्ता, यंत्र आपणहून बिघडत नाही रे. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, आणि केलं हे त्यालाच माहीत नसतं." त्या कॅमेऱ्याचे मूळचे सेल आपल्याकडे मिळेनासे झाले तेव्हा त्यानं घड्याळातला सेल आणून, त्याच्याभोवती पितळेची कडी घालून तो बसवला. पण त्या सेलचा जोर अंमळ जास्त. काटा हलायचा, पण खोटं सांगायचा. मला ते कळलंही नव्हतं. माझे फोटो काळपट येत होते आणि मी औषधांना दोष देत होतो. त्यानं वायरीत भाताच्या शिताएवढा एक डायोड जोडला आणि काटा ताळ्यावर आणला. ते काम करताना तो इतका खूश होता की त्याच्या बायकोनं, सुमन वहिनींनी, आणलेला चहा दोनदा गार झाला.

आता चहाचं निघालंच आहे तर तेही सांगतो. निवृत्ती आमच्या रहाटणीच्या घरी एकदा रेडिओ दुरुस्त करायला आला होता. ओव्हाळ कुटुंबानं धम्मदीक्षा घेतली त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि आम्ही स्वतःला सुधारलेले समजत होतो. आईनं त्याला चहा दिला तो ओट्याखाली वेगळ्या ठेवलेल्या कपातून. त्यानं चहा प्यायला, कप स्वतः विसळला आणि ओट्यावर न ठेवता जिथून आला होता तिथंच खाली ठेवला. म्हणजे त्याला सगळं दिसलं होतं. मलाही दिसलं होतं. मी रेडिओचा आवाज वाढवून बातम्या ऐकत बसलो.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. कंपनीत लेथला झेंडूचा हार घालतात, आमच्या घरी विळा, कुऱ्हाड, नांगर, आणि माझा धंदा सुरू झाल्यापासून कॅमेरा. आई तो पाटावर ठेवायची, ओलं कुंकू बोटावर घेऊन त्याच्या कपाळाला लावायची, वर अक्षता आणि फुलानं पाणी शिंपडायची. कॅमेऱ्याचं कपाळ म्हणजे तिच्या हिशेबानं डोक्यावरची मधली खाच, जिथं फ्लॅश बसतो. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे तो फ्लॅश नखरे करायचा. बटण दाबावं तर पेटायचा नाही, आणि कधी बॅगेतच आपोआप चमकायचा. एका रविवारी निवृत्तीनं ती खाच भिंगाखाली धरली आणि काडीच्या टोकानं आत टोचून बघितलं. मग विचारलं, "दसऱ्याला याची पूजा करता?" मी म्हणालो, "करणारच की. हत्यार आहे ते." "कोण करतं?" "आई." तो "बरं" म्हणाला आणि काडीनं खाच साफ करायला लागला. मला वाटलं, हा आता देवधर्म मानत नाही, त्यामुळे याला आमच्या पूजेचं खुपतंय. मी जरा घुश्श्यातच घरी आलो, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तो सायकल मारत स्टुडिओत हजर. "कॅमेरा माझ्याकडे टाक नऊ दिवस. पूर्ण उघडून सर्व्हिसिंग करतो. लग्नसराईच्या आधी झालेलं बरं." मी दिला. आईनं त्या वर्षी कॅमेऱ्याच्या तिपाईची पूजा केली. असं तीन वर्षं चाललं, आणि त्या तीन वर्षांत फ्लॅशनं एकदाही दगा दिला नाही. दोन आणि दोन चार होतात हे मला कळायला हवं होतं. पण ज्याला कळून घ्यायचं नसतं त्याला कोण शिकवणार? चौथ्या वर्षी भावकीतला एक चुलता पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रं दत्तू, खंडेनवमीला आपलं हत्यार लोकाच्या घरात? आन् ते बी त्यांच्या?" सगळे हसले. मी निवृत्तीला सांगितलं, या वर्षी नको. तो म्हणाला, "दसरा झाल्यावर तरी आणशील? पाच मिनिटांचं काम आहे." मी हो म्हणालो आणि गेलो नाही. आईला तर तीन वर्षांची कसर भरून काढायची होती. तिनं त्या खंडेनवमीला कॅमेऱ्याला कुंकवानं नुसतं माखून काढलं आणि वर हात जोडून म्हणाली, "आमच्या दत्तूला यश दे." मी चार दिवसांनी ओल्या फडक्यानं वरवर पुसलं, म्हणजे उरलंसुरलं आत ढकललं.

त्या वर्षी निवृत्तीचं काय चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. त्याच्या कंपनीत टाळेबंदीची चिन्हं होती. त्यानं ठरवलं होतं की आता नोकरीवर विसंबायचं नाही, कॅमेरे आणि फ्लॅश दुरुस्तीचं दुकान टाकायचं. आपल्या भागात तसं कुणीच नव्हतं, सगळ्यांना पुण्याला धावावं लागायचं. पिंपरीच्या बाजारात जिन्याखालची एक जागा त्यानं बोलून ठेवली होती. पाटी रंगवायला दिली होती. निगडीपासून भोसरीपर्यंतच्या स्टुडिओवाल्यांशी मीच त्याची गाठ घालून दिली होती, आणि माझा कॅमेरा हीच त्याची जाहिरात होती. "दत्ताचा कॅमेरा बघा, किती जुना आहे आणि कसा चालतो." असं सगळं जुळून आलं होतं.

मार्गशीर्षात चिखलीला एका बड्या बागाईतदाराच्या मुलीचं लग्न होतं. गोरज मुहूर्त. नवरीचा भाऊ निवृत्तीच्या कंपनीत, म्हणून निवृत्तीलाही आमंत्रण होतं. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, हार घालायची वेळ आली, मी बटण दाबलं आणि फ्लॅश पेटला नाही. पुन्हा दाबलं, नाही. मग कुणी काही न करता तो आपोआप चमकला, माझ्याच डोळ्यांवर. लोक हसले. मांडवात तोवर अंधारून आलं होतं, बत्त्या होत्या त्या जेवणाच्या पंगतीकडे. नवरा-नवरी हार हातात धरून ताटकळली. नवरीचा बाप पुढे आला. "काय ओ फोटोवाले, एकच लेक हाय माझी. हार काय दोनदा घालायचे व्हय?" मी बटण आणखी दोनदा दाबलं. एवढ्यात गर्दीतून वाट काढत निवृत्ती आला, हातात तोच खोडरबराचा तुकडा. हळूच म्हणाला, "दाखव इकडे, दोन मिनिटांत करतो." त्यानं हात पुढे केला आणि मी कॅमेरा मागे ओढला. मोठ्यानं म्हणालो, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणालो, "हात लावू नको. तुझा हात लागला म्हणूनच झालंय हे सगळं."

मी हे वाक्य आजवर पुष्कळदा मनात धुवून बघितलंय. मला म्हणायचं होतं की तू श्रावणात एकदा हा कॅमेरा उघडला होतास, तेव्हा काहीतरी चुकलं असेल... पण नाही. मला काय म्हणायचं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि मांडवातल्या प्रत्येकाला बरोब्बर तेच ऐकू गेलं. मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा, "मग देतो कशाला त्यांच्या हातात?" निवृत्तीनं एकदा कॅमेऱ्याच्या डोक्याकडे बघितलं. ती खाच त्याच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होती, आणि तिच्यात काय आहे हे त्या मांडवात फक्त त्याला माहीत होतं. एक शब्द बोलला असता तर मांडवातच माझी नाचक्की झाली असती आणि तो सुटला असता. त्यानं खोडरबर खिशात ठेवला आणि गर्दीतून निघून गेला. जेवला नाही. मला त्याचाही राग आला, म्हटलं, बघा, किती माज.

लग्नाचे मोजून चार फोटो हाताला लागले. आपली लाज झाकायला मी ज्याला त्याला तेच सांगत सुटलो, ओव्हाळनं कॅमेऱ्याची वाट लावली. स्टुडिओवाल्यांना दुसरं काय हवं होतं? महिन्याभरात त्याच्याकडे जाणारे कॅमेरे बंद झाले. पुढे टाळेबंदी झाली. जिन्याखालच्या जागेत दुसऱ्या कुणीतरी चपलांचं दुकान टाकलं. रंगवलेली पाटी त्यानं आणलीच नाही असं कळलं. मी चौकशी केली नाही, कळलं एवढंच.

उन्हाळ्यात मी तो कॅमेरा पुण्याला कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेला. त्यानं डोक्यावरची खाच सोडवली, चिमट्यानं आतून लाल खपली काढली आणि पांढऱ्या कागदावर ठेवली. मागोमाग तांदळाचा दाणा. माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाला, "अहो, हे कुंकू आहे. देवळात ठेवता काय कॅमेरा?" मग त्यानं समजावून सांगितलं. ओलं कुंकू आत झिरपतं, त्यात चुना असतो, तो पितळ खातो. ओल धरली की वीज भलत्या वाटेनं जाते, म्हणून फ्लॅश आपोआप पेटतो. वाळलं की थर बसतो, मग पेटतच नाही. हे सांगून त्यानं कॅमेरा माझ्यापुढे धरला. "आणि हे बघा. खाचेच्या खाली कुणीतरी प्लॅस्टिकची चकती कापून बसवलीय, मापात. त्याला माहीत होतं वरून काय पडतं ते. या चकतीमुळे तुमचा मीटर वाचला. वायरीतला डायोडही त्याचाच दिसतोय. फार पक्का हात आहे. माझ्याकडे कशाला आलात, त्याच्याकडेच जा की." मी म्हणालो, "तो गावी गेला." थेरगाव माझ्या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटं.

खरी लाज इथून पुढची आहे. मांडवातलं बोलणं रागाच्या भरात गेलं, असं म्हणून मी एखाद्या वेळी स्वतःला सोडलं असतं. पण यानंतर मला सगळं माहीत होतं, आणि तरी मी मूग गिळून बसलो. सांगायचं म्हणजे काय काय सांगायला लागलं असतं. माझ्या आईच्या पूजेनं कॅमेरा बिघडला, मी ओल्या फडक्यानं तो आणखी बिघडवला, आणि तो माणूस नऊ-नऊ दिवस कॅमेरा घरी नेऊन मलाच वाचवत होता. भावकीत कुणाच्या तोंडाकडे बघायची सोय राहिली नसती. आज सांगू, उद्या सांगू, दिवाळी होऊ दे... आईला मात्र पुढच्या खंडेनवमीला सांगितलं की कॅमेऱ्याला कुंकू लावायचं नाही. ती म्हणाली, "का रं?" मी म्हणालो, "कंपनीचा नियम आहे." कसली कंपनी आणि कसला नियम. माउलीनं लगेच मानलं आणि फूल तेवढं शेजारी ठेवलं.

निवृत्ती मला नंतर एकदाच समोरासमोर भेटला, तीन वर्षांमागे. मधल्या काळात त्यानं जळालेल्या मोटारींना नवी तार भरून दिली, पंखे दुरुस्त केले, कुठं कुठं बदली कामं केली. आता चाकणच्या वाटेवरच्या त्या कारखान्यात गेटवर लागत होता आणि गेटपासला फोटो हवा होता. चिंचवडात तोवर पाच स्टुडिओ झाले होते, तरी तो माझ्याकडेच आला. दसरा होऊन आठवडाही झाला नव्हता. स्टुलावर बसला, कॉलरचं बटण लावलं. केस पांढरे झाले होते. कॅमेरा तोच होता, मी सरसावून धरला. त्यानं विचारलं, "काटा चालतोय?" मी म्हणालो, "चालतोय." तो कॅमेऱ्याच्या डोक्याकडे जरा वेळ बघत राहिला, डोळे बारीक करून, टेबलाशी बसल्यावर बघायचा तसाच. मला वाटलं, आपलं जुनं काम बघतोय. स्टुडिओत आम्ही दोघेच होतो. दार लोटलेलं होतं. याहून सोपी वेळ मला देवानं दिली नसती. "निवृत्ती, त्या वेळी..." एवढं जरी तोंडातून निघालं असतं तरी पुढचं त्यानंच सावरून घेतलं असतं, तसाच होता तो. मी म्हणालो, "हलू नको." फोटो घ्यायला चार दिवसांनी तो स्वतः आला नाही, कुणाला तरी पाठवलं.

बातमी कळल्यावर मी तीन दिवसांनी थेरगावला गेलो. तीन दिवस पाय निघत नव्हता. सुमन वहिनींनी ओळखलं, "या भाऊजी" म्हणाल्या, पाणी दिलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी निवृत्तीचा फोटो होता, खिडकीशी टेबल. मी बसलो आणि म्हणालो, "वहिनी, मला एक सांगायचंय. तो कॅमेरा निवृत्तीमुळे..." त्या म्हणाल्या, "कुंकू गेलं होतं ना आत. माहितेय मला. पहिल्याच वर्षी घरी येऊन बोलले होते ते." मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं त्यानं? मांडवात तरी..." त्या म्हणाल्या, "कंपनीत एकदा सांगितलं होतं त्यांनी. पॅनेलमध्ये कुंकू गेलंय, दसऱ्याला पॅनेलच्या आत लावू नका, म्हणून. तर सगळं खातं अंगावर आलं. तुम्ही धर्म सोडला, आता आमचा पण सोडायला लावता काय? मेमो मिळाला. तेव्हापासून म्हणायचे, कुणाच्या पूजेबद्दल आपण बोललेलं चालत नाही, आपण नुसतं साफ करायचं. आणि तुमच्या आईचं नाव त्यांना मांडवात घ्यायचं नव्हतं."

माझ्यानं मान वर होईना. मी म्हणालो, "वहिनी, मला नंतर कळलं होतं. पुण्याला. बरीच वर्षं झाली. मी येऊन सांगायला पाहिजे होतं." मला वाटलं होतं की निदान हे तरी त्यांना ठाऊक नसेल, निदान एवढं तरी मी आपल्या तोंडानं कबूल केलेलं असेल. त्या म्हणाल्या, "तेही माहितेय. गेटपासचा फोटो काढून आले ना त्या दिवशी, फार खुशीत होते. मला म्हणाले, दसरा होऊन आठ दिवस नाही झाले आणि दत्ताच्या कॅमेऱ्याला कुंकवाचा ठिपका नव्हता. त्याला कळलंय. आता येईल तो." मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "दर रविवारी सकाळी घरातच बसायचे. माझ्या भावाकडे जायचं म्हटलं तरी नको म्हणायचे. दत्ता आला तर? असं म्हणायचे. तीन वर्षं."

त्या तीन वर्षांत मी थेरगावला गेलो नाही असं नाही. धंदाच तसा, बारशी, साखरपुडे. एकदा तर त्याच्याच गल्लीत शेवटच्या घरी जावळाचं आमंत्रण होतं, रविवार होता, सकाळची दहाची वेळ. कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून मी त्याच्या दारावरून गेलो. दार उघडं होतं. आत टेबलाशी तो बसलेला दिसला, आणि मी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली, त्याला दिसू नये म्हणून.